पट्टी समोरच्याच्या हातात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात माजी सचिवांनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



समितीनं मला 'सोसायटीची वाटचाल' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी सात वर्षं सचिव होतो, त्यामुळे बोअर कधी घेतला, कंपाउंडची भिंत कधी बांधली, रंगकामाला किती खर्च आला, हे मी सांगावं अशी अपेक्षा असणार. ते सगळं अहवालात आहे. मी आज बोलणार आहे ते दर रविवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही जे करतो त्याबद्दल. पुष्कळ जणांना वाटतं की सहा-सात म्हातारी माणसं आणि दहा-बारा पोरं तिथं बाहुल्या मांडून बसतात. खरं आहे, बाहुल्याच मांडतो. आमच्या सौ. तर पाहुण्यांना सांगतात, "हे खाली भातुकली खेळायला गेलेत."

आधी खेळ काय आहे ते सांगतो, मग तो का सांगतोय ते सांगतो.

दोन जुन्या दारांच्या फळ्या जोडून चार फूट बाय चार फुटांचं टेबल केलंय. त्याच्यावर देखावा. दिवाळीत पोरं किल्ला करतात ना, तसाच, पण उचलून ठेवता येईल असा. थर्माकोलचे तट, डालड्याच्या डब्याचा बुरूज, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झुडपं. मावळे दिवाळीच्या बाजारातलेच, मातीचे. आमच्या चित्रकलेच्या सरांनी एम-सील लावून कुणाच्या पगडीची हॅट केली, कुणाच्या भाल्याची छत्री केली, आणि प्रत्येकाला बाटलीच्या झाकणावर चिकटवून उभं केलं. आमच्याकडं सगळ्यांना मावळेच म्हणतात, मग तो खलनायक का असेना.

प्रत्येक खेळाडूकडे पाच जणांची टोळी. एक नायक, एक त्याचा उजवा हात, आणि तीन साधी माणसं. काळ धरलाय निजामाच्या राजवटीतला, साधारण १९३५ च्या सुमाराचा. माझी टोळी गुप्तहेरांची. कुणाची दरोडेखोरांची, कुणाची तेरला उत्खनन करायला आलेल्या संशोधकांची. एकाची तर सर्कसवाल्यांची आहे. देखाव्यात पाच ठिकाणी पाच 'धागे' लपवलेले असतात. नकाशाचा तुकडा, किल्ली, एखादा साक्षीदार असे चार छोटे आणि एक मोठा. सहा फेऱ्यांत जो जास्त धागे सोडवील तो जिंकला. धागा सोडवायला फासे टाकायचे. आणि तुम्ही फासे हातात घेतले की समोरचा तुमच्यावर संकटाचा पत्ता टाकणार. 'मधमाश्यांचं मोहोळ उठलं.' 'पायाखालची पायरी निखळली.' हे पत्ते आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेत. त्यामुळे कधी कधी संकटाच्या मागच्या बाजूला 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' असं निघतं.

यात कुणी मरत नाही. बेशुद्ध पडतो. साधा माणूस पडला की पडला, पण नायकाला दर फेरीला एक फासा टाकून उठायची संधी असते. का? अहो, बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार कधी कायमचा मेलेला वाचलाय का तुम्ही? आमच्या पिढीनं वाचनालयातून आणून उशीखाली ठेवून वाचलेल्या त्या रहस्यकथा, गुरुनाथ नाईकांच्या त्या शौर्याच्या गोष्टी, भा. रा. भागवतांचा तो सायकलवरचा फास्टर फेणे. हे सगळं डोक्यात होतंच. फक्त साठी उलटेपर्यंत टेबलावर उतरलं नव्हतं.

कुणी म्हणेल हे परदेशातलं खूळ आहे. थोडं आहेही. एच. जी. वेल्स हा विज्ञानकथा लिहिणारा मोठा लेखक, त्यानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांनी लढाई कशी खेळायची याचं नियमांसकट पुस्तक काढलं होतं. दिवाणखान्यात फरशीवर पसरून खेळायचा गडी. खऱ्या लढाईपेक्षा ही लुटुपुटूची किती बरी, असंही त्यात लिहून ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पण मातीच्या छोट्या माणसांचं म्हणाल तर ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. गोरोबाकाकांचं तेर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. सातवाहनांच्या काळातल्या, साच्यातून काढलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांची केशरचना, त्यांचे दागिने, सगळं बोटाएवढ्या जागेत. चित्रकलेच्या सरांनी आम्हाला तिथं नेलं, तेव्हा आमच्यातल्या एका पोरानं विचारलं होतं, "सर, हे कुणाच्या टोळीतले?"

आणि गोष्टींना तर आपल्याकडं तोटाच नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्ग घ्या. बोरी नदी अडवून बांध घातला, आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. याच नळदुर्गात १८५३ नंतर इंग्रजांच्या वतीनं जिल्ह्याचा कारभार पाहत होता फिलिप मेडोज टेलर. हा माणूस इथं येण्याआधीच, १८३९ मध्ये, ठगांच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहून विलायतेत गाजला होता. म्हणजे रहस्यकथा लिहिणारा साहेब आपल्याच किल्ल्यात राहून गेला. दुसरीकडं परंडा. विजापूरला जी मुलूख-मैदान तोफ बघायला लोक जातात ती परंड्याहून १६३२ मध्ये तिकडं गेली. पंचावन्न टनांची तोफ! आमचा एक आख्खा खेळ त्याच्यावर आहे. थर्मासचं झाकण म्हणजे तोफ. एकानं टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची, बाकीच्यांनी अडवायची. अजून एकदाही विजापूरला पोचलेली नाही.

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला. अभिमानाची गोष्ट आहे. त्यात आपल्या जिल्ह्यातला एकही नाही, पण आमच्या टेबलावर मात्र पहिला मान नळदुर्गचा. आणि त्याला कारण आहे.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आपल्याकडं नळाचे दिवस लांबत लांबत गेले, बोअर आटला, आणि सोसायटीनं टँकर सुरू केला. दहा हजार लिटरचा टँकर. निम्मा अ विंगच्या टाकीत, निम्मा ब विंगच्या. टँकर यायचा रात्री, कधी अकराला, कधी दीडला. सचिव मी. टाकीत काठी बुडवून खूण बघायची, पाइप काढून दुसऱ्या टाकीत टाकायला सांगायचा, आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. काठी माझ्या हातात, रजिस्टरही माझ्याच हातात, आणि मी राहतो अ विंगमध्ये.

ब विंगचे भाऊसाहेब तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. भूमी अभिलेख खात्यात आयुष्य गेलं. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. त्या मे महिन्यात सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "ब विंगला पाणी कमी मिळतंय." मी रजिस्टर पुढं केलं. प्रत्येक रात्रीचा आकडा निम्मा-निम्मा. ते म्हणाले, "काठी तुमची, आकडा तुमचा. आम्ही काय वाचायचं?" मी चिडलो. नको ते बोललो. त्यांच्या नोकरीवरून बोललो. ते उठून गेले. सोळा वर्षांची मैत्री. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढप केलेलं. आणि त्या दिवसापासून जिन्यात समोर आले तरी आम्ही भिंतीकडं बघायचो. वहिनींनी संक्रांतीचा तिळगूळ मुलाच्या हाती पाठवला, स्वतः आल्या नाहीत. दीड वर्ष.

सप्टेंबरात पाऊस झाला, टँकर बंद झाले. भांडण मात्र आटलं नाही.

२०१७ ची दिवाळी. पोरांनी जिन्याखाली नळदुर्गचा किल्ला केला. चित्रकलेच्या सरांचा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तो सुट्टीला आला. हॉस्टेलवर मित्रांबरोबर तो असा खेळ खेळायचा, बाहुल्या, फासे आणि पट्टी घेऊन. त्यानं पोरांना शिकवलं. पण टोळ्या होत्या सहा आणि पोरं जमली चार. मग पोरांनी काय करावं? दोन घरांच्या बेल वाजवल्या. एक माझी. दुसरी कुणाची ते सांगायला नको. पोरांना आमचं भांडण माहीत नव्हतं असं मला अजूनही वाटत नाही.

मी खाली गेलो, बघतो तर भाऊसाहेब आधीच पाटावर बसलेले. परत फिरावं तर पोरं बघतायत. बसलो.

खेळात एका वेळची चाल म्हणजे पंधरा सेंटिमीटर. पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी असते ना, तेवढी. माझा नायक पाणीमहालाच्या बांधावर होता, पुढं किल्ली ठेवलेली. मी पट्टी लावली, मावळा उचलला आणि ठेवला किल्लीच्या शेजारी. समोरून आवाज आला.

"पट्टी इकडं द्या."

दीड वर्षातलं भाऊसाहेबांचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी पट्टी दिली. त्यांनी चष्मा वर केला, बांधावर वाकले, आणि मोजलं. मी सोळा सेंटिमीटर गेलो होतो. ते काही बोलले नाहीत. मावळा एक सेंटिमीटर मागं ठेवला, बस.

मलाही राग आला. म्हणलं, "ठीक आहे. मग तुमची चाल मी मोजणार."

"मोजा की. आमच्या खात्यात लगतच्या शेतकऱ्याला नोटीस काढल्याशिवाय मोजणी होतच नसते. तो बांधावर उभा पाहिजे."

सरांचा नातू हुशार. त्यानं लगेच वहीत नियम लिहिला, 'प्रत्येकाची चाल समोरचा मोजेल.' आज आठ वर्षं झाली, आमच्या वहीत खूप नियम आले आणि खोडले गेले. हा एक नियम कुणी खोडलेला नाही.

त्या दिवशी मी हरलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. कारण मला जिंकायचं होतं, समेट वगैरे काही डोक्यात नव्हतं. भाऊसाहेबांनाही मला हरवायचंच होतं. आठवडाभर आम्ही एकमेकांशी फक्त "पट्टी द्या", "पट्टी घ्या", "बारा आहे", "साडेबारा आहे" एवढंच बोललो. पण बोललो. आणि मला एक गोष्ट ध्यानात आली. माणूस स्वतःची चाल मोजताना नकळत दोन मिलिमीटर जास्त घेतो. आणि समोरच्याची मोजताना, तो डोळ्यासमोर बसलेला असतो म्हणून, नकळत दोन मिलिमीटर सोडून देतो. चूक दोन्हीकडं तेवढीच. पण एकीनं भांडण होतं आणि दुसरीनं चहा होतो.

पुढं २०१८ चा दुष्काळ आला. परत टँकर. सर्वसाधारण सभेत भाऊसाहेब उभे राहिले, आणि माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "ठराव मांडतो. अ विंगच्या टाकीत काठी ब विंगवाला बुडवील. ब विंगच्या टाकीत अ विंगवाला. रजिस्टरावर दोघांची सही." अनुमोदन मी दिलं. ठराव एकमतानं मंजूर. त्या उन्हाळ्यात पाण्यावरून आपल्या सोसायटीत एकही तक्रार अर्ज आलेला नाही. जुनी फाईल काढून बघा. पुष्कळांना वाटतं ही शिस्त कुठल्या तरी परिपत्रकातून आली. नाही. ती जिन्याखालच्या किल्ल्यातून आली.

आता जे सांगतो ते सांगू का नको, याचा विचार मी महिनाभर केला.

त्या ठरावाच्या रात्री टँकर आला एक वाजता. भाऊसाहेब आणि मी दोघंच खाली. काठी त्यांच्या हातात. मी त्यांना म्हणलं, "भाऊसाहेब, एक सांगायचंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये एका रात्री काठीवर खूण आली होती, आणि मी ड्रायव्हरला थांब म्हणायला दोन मिनिटं उशीर केला. मुद्दाम केला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, रोजचं धुणं होतं. रजिस्टरात मात्र निम्मा-निम्माच लिहिलं." एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली.

ते काठीकडंच बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक हुतं. सकाळी उठून मी दोन्ही टाक्यांत काठी बुडवून बघितली हुती."

"मग सभेत हे का नाही सांगितलंत?"

"तुमच्या सासूबाई आजारी हुत्या की वो. त्याच्यासाठी घेतलं असतं तर मीच दिलं असतं. पर तुम्ही रजिस्टर दाखवलं, त्याचा राग आला."

मंडळी, भाऊसाहेब समोर बसलेत. त्यांना विचारून सांगतोय. ब विंगच्या बारा घरांची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो. त्या रात्रीचं पाणी तुमचं होतं. हे भाषण स्मरणिकेत घ्यायचं असेल तर हा भाग गाळू नका.

(येथे भाऊसाहेब उभे राहून "मान्य, पुढं चला" असे म्हणाले व सभागृहात टाळ्या झाल्या. – सं.)

धन्यवाद. पुढं जातो, वेळ संपत आलाय.

आम्ही दरवर्षी पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत स्पर्धा घेतो. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. विजेत्याला फिरता चषक म्हणून जुन्या पाण्याच्या टाकीची पितळी तोटी देतो, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. मी ती आठ वर्षांत एकदाच नेली आहे. गेल्या संक्रांतीच्या शेवटच्या खेळाचं थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की आम्ही तिथं किती जिवावर उदार होऊन बसतो.

देखावा नळदुर्गचाच. मोठा धागा पाणीमहालात, एक पत्र्याची पेटी. सहावी, शेवटची फेरी. माझे दोन धागे, भाऊसाहेबांच्या सर्कसवाल्यांचे दोन, आणि ब विंगमधली आठवीतली मुलगी दरोडेखोरांची टोळी घेऊन बसलेली, तिचा एकही नाही. माझा गुप्तहेर दारापाशी. मी म्हणलं, "पंधरात बसतंय." भाऊसाहेबांनी पट्टी लावली. सगळी पोरं वाकून बघतायत. पट्टीचं टोक आणि पेटी यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट. मी भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बसतंय." स्वतःची तोटी जात असताना म्हणाले, बरं का.

मी फासे उचलले. तेवढ्यात त्या मुलीनं शांतपणे एक लग्नपत्रिका टेबलावर ठेवली. 'सांडव्याचं पाणी सुटलं. बांधावरचे सर्वजण वाहून गेले.' बांधावर माझे तिघं, भाऊसाहेबांचे तिघं. सगळे गेले. तिचा दरोडेखोर उपळी बुरुजावरून सावकाश खाली उतरला आणि पेटी घेऊन गेला. मोठा धागा तीन गुणांचा असतो. तोटी या वर्षी तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे असं ऐकतो.

भाऊसाहेब मला म्हणाले, "तुम्हाला उगीच दिलं. नाहीतरी वाहूनच जाणार हुता." त्यानंतर तिघांनी मिळून चहा घेतला. तिनं दूध.

शेवटचं एक. येत्या सर्वसाधारण सभेपुढं तळमजल्यावरची ती खोली भाड्यानं द्यायचा विषय आहे. सोसायटीला उत्पन्न लागतं, मी सचिव होतो, मला कळतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वर्षानुवर्षं दुरुस्त्या निघतच राहणार. विरोधासाठी विरोध करायला मी उभा नाही. माझी सूचना एवढीच, की भाडं किती येईल याचा हिशोब आम्ही खेळणाऱ्यांनी करू नये, आणि ती खोली किती उपयोगाची आहे याचा हिशोब न खेळणाऱ्यांनी करू नये. उलटं करा. ज्यांना खोली भाड्यानं द्यायची आहे, त्यांनी दोन रविवार येऊन बसावं, एक टोळी घ्यावी, खेळावं. आणि आम्ही खेळणारे दुरुस्तीचा अंदाज काढून, भाड्याचा आकडा घेऊन सभेत येतो. म्हणजे एकमेकांची चाल एकमेकांनी मोजली असं होईल. मग जो ठराव होईल तो मला मान्य. टेबल माझ्या घरात नेऊ. सौ. काय म्हणतील ते मात्र सांगता येत नाही.

बाकी रविवारी संध्याकाळी सहा वाजता. मावळे आम्ही देतो, फासे आम्ही देतो. पट्टी तेवढी घरून आणा. तुमची तुम्हाला लागणार नाही, समोरच्याला लागेल.